नवा कारभारी येतो तेव्हा

कोलकात्याच्या विमानतळाबाहेर मध्यरात्र उलटून गेल्यावर ढोल वाजायला लागले आणि लाल-पिवळ्या झेंड्यांनी दार झाकून गेलं, की समजावं ईस्ट बंगाल या फुटबॉल क्लबाचा नवा कोच उतरतोय. बाहेर उभ्या असलेल्या पोरांनी त्याला प्रत्यक्षात कधी पाहिलेलं नसतं, पण त्याची सगळी कुंडली त्यांना पाठ असते. आधी कुठल्या क्लबात होता, कुठे टिकला, कुठून मोसमाच्या मध्यात निघावं लागलं, बचावात तिघांना खेळवतो की चौघांना. प्रवासाने आंबलेला तो परदेशी माणूस सामानाची गाडी ढकलत बाहेर येतो आणि क्षणभर बावरतो. मग कोणीतरी त्याच्या गळ्यात उपरणं टाकतं, ‘जय ईस्ट बंगाल’चा गजर होतो आणि तोही हसायला लागतो. तोवर त्याने या क्लबाला एकही सामना जिंकून दिलेला नसतो. कधीकधी तर त्याच्या संघात कोण कोण खेळणार हेही ठरलेलं नसतं.

नोकरीनिमित्त काही वर्षं कोलकात्यात होतो, तेव्हा त्या गर्दीत मीही उभा राहिलो आहे. गर्दीतले बहुतेक जण सकाळी कामावर जाणारे असतात. कोणी डिलिव्हरीची बॅग खांद्याला तशीच ठेवून आलेला, कोणी शेवटची लोकल सोडून दिलेला. मागचा कोच गेला तेव्हा याच मुलांनी त्याच्या नावाने बोटं मोडलेली असतात, आणि तरी नव्याच्या स्वागताला तीच असतात. इतकी आशा ही माणसं आणतात कुठून, याचा मी बरीच वर्षं विचार करत आलोय.

मी मूळचा कोल्हापूरचा. फुटबॉल आमच्याकडे पेठेत जन्मतो. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार ही नुसती संघांची नावं नाहीत, त्यामागे तालीम आहे, गल्ली आहे, गणपती आहे. शाहू स्टेडियमवर संघ वाईट खेळला तर त्याचा जाब संध्याकाळी चौकात विचारला जातो, आणि ज्याला विचारायचा तो माणूस चौकातच सापडतो. तालमीचा कारभार पाहणाऱ्याला तोंड लपवायला जागा नसते. या गोष्टीचं मला लहानपणी काही वाटलं नव्हतं. फुटबॉल असाच असतो, असं धरून चाललो होतो.

कोलकात्यात मी बिजयगडला भाड्याने राहायचो. दक्षिण कोलकात्यातली ही वस्ती फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांनी महायुद्धातल्या लष्कराच्या रिकाम्या छावणीच्या जागेवर वसवली. माझे घरमालक, ज्यांना मी तिथल्या पद्धतीने जेठू म्हणायचो, त्यांचं कुटुंब बारिसालचं. त्यांच्या वडिलांनी येताना काय काय मागे ठेवलं याची यादी ते कधीच पूर्ण करत नसत. मात्र काय मिळालं ते एका वाक्यात सांगत: ‘‘रेशनकार्ड आणि ईस्ट बंगाल.’’ इथल्या लोकांनी ज्यांना ‘बांगाल’ म्हणून हिणवलं, त्यांना आठवड्यातून एकदा ताठ मानेने मैदानावर जाता येई, ते या क्लबामुळे. जिंकलं की घरात हिल्सा शिजायचा. कायमचा प्रतिस्पर्धी मोहन बागान जिंकला की पलीकडच्या गल्लीत कोळंबी. बाजारात त्या दिवशी कुठल्या मासळीचा भाव चढलाय यावरून निकाल कळतो असं लोक सांगतात, आणि मला ते खोटं वाटत नाही.

क्लबाच्या जन्माची हकीकत मला जेठूंकडूनच पहिल्यांदा कळली. जुलै १९२० मध्ये जोडाबागान आणि मोहन बागान यांचा सामना होता. जोडाबागानने आपला चांगला खेळाडू शैलेश बोस याला संघातून वगळलं. सुरेशचंद्र चौधरी हे त्या क्लबाचे उपाध्यक्ष. त्यांनी कारण विचारलं. उत्तर मिळालं नाही. पूर्वेकडचा म्हणून वगळला, ही सगळ्यांच्या मनातली गोष्ट होती. चौधरी बाहेर पडले आणि १ ऑगस्ट १९२० रोजी ईस्ट बंगाल क्लब उभा राहिला. चिन्हावर जी मशाल आहे, तिचीही कथा अशीच सांगतात. १९३० च्या सुमारास क्लबावर अन्याय झाला म्हणून समर्थक पेटत्या मशाली घेऊन मैदानावर जमले होते, त्यातून ती आली. म्हणजे या क्लबाच्या मुळाशी एक अनुत्तरित प्रश्न आहे आणि छातीवर एक मोर्चा. पुढे जे घडलं त्याकडे पाहताना या दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यातून जात नाहीत.

वैभवाचे दिवस मराठी माणसालाही अगदीच परके नाहीत. मुंबईच्या कूपरेजवर रोव्हर्स चषक भरायचा तेव्हा कोलकात्याचे मोठे संघ यायचे, आणि माझे मामा ऑफिसातून परस्पर तिकडे जात. १९९० साली ईस्ट बंगालने एकाच मोसमात ड्युरँड, रोव्हर्स आणि आयएफए शील्ड असे तिन्ही चषक जिंकले. त्याआधी १९७५ च्या शील्ड अंतिम सामन्यात मोहन बागानला पाच-शून्य हरवलं होतं. हा आकडा आजही बिजयगडच्या भिंतींवर रंगवलेला दिसतो. जुलै १९९७ मध्ये फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्याला सॉल्ट लेकच्या युवभारती स्टेडियमवर सव्वा लाखाहून जास्त माणसं होती, आणि बायचुंग भुतियाने तीन गोल केले. जुलै २००३ मध्ये सुभाष भौमिकांच्या संघाने जाकार्तात आसियान क्लब स्पर्धा जिंकली. २००३-०४ ला राष्ट्रीय लीगही मिळाली. मग ती हातून निसटली ती निसटलीच. पुढच्या वीस वर्षांत पुरुषांच्या संघाला देशाची लीग पुन्हा जिंकता आली नाही. २०१८-१९ मध्ये फक्त एका गुणाने गेली. चेन्नई सिटीचे ४३, आपले ४२.

पण खरी पडझड मैदानाबाहेर झाली. १९९८ पासून क्लबाच्या नावाआधी ‘किंगफिशर’ लागत असे. त्याच कंपनीने मोहन बागानच्या नावाआधी आपला दुसरा ब्रँड लावला होता. जर्सी आणि पैसा त्यांचा, पण कारभार सभासदांनी निवडलेल्या मंडळींकडेच राहिला. २०१८ मध्ये बेंगळुरूच्या क्वेस कॉर्पने सत्तर टक्के हिस्सा घेतला, तेव्हा पहिल्यांदा कारभारच बाहेर गेला. चाहते खूश होते. आता काम व्यावसायिक पद्धतीने होईल, पगार वेळेवर होतील, जुन्या कारभाऱ्यांची मनमानी थांबेल, असं सगळे म्हणत. लीग एका गुणाने हुकली ती याच काळात. पण दोनच वर्षांत क्लबाची जुनी मंडळी आणि कंपनी यांचं फाटलं. २०२० च्या मे महिन्यात क्वेस बाहेर पडली. ते वर्ष क्लबाच्या शताब्दीचं होतं.

शताब्दीला दोन महिने उरलेले आणि क्लबाला धनीच नाही. पलीकडे मोहन बागान एटीके या शहरातल्याच नव्या क्लबात विलीन होऊन आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग या मुख्य लीगमध्ये जाऊन बसलेलं. सप्टेंबरात मुख्यमंत्र्यांच्या मध्यस्थीने श्री सिमेंट आली आणि ईस्ट बंगालही आयएसएलमध्ये शिरला. लिव्हरपूलचा नावाजलेला खेळाडू रॉबी फाउलर कोच म्हणून आला. करोनामुळे सगळी स्पर्धा गोव्यात, बंद दाराआड. शंभर वर्षांच्या या क्लबाने देशाच्या मुख्य लीगमधला आपला पहिला डर्बी सामना, म्हणजे मोहन बागानशी, वास्कोच्या टिळक मैदानावर खेळला, २७ नोव्हेंबर २०२० ला, रिकाम्या पायऱ्यांसमोर, आणि दोन-शून्य हरला. जेठू त्या दिवशी टीव्हीचा आवाज बंद करून बसले होते. प्रेक्षकांचा गलबला नसलेली डर्बी ऐकवत नाही म्हणाले.

आता जुलै २०२१. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा तिथे आहे.

श्री सिमेंटशी झालेला पहिला करार हा कच्चा होता. पक्क्या कराराचे कागद आले तेव्हा क्लबाच्या कारभाऱ्यांनी सही करायला नकार दिला. या अटींवर सही केली तर सभासदांचे हक्क जातील, क्लब कायमचा हातातून जाईल, असं त्यांचं म्हणणं. सही नाही तर पुढचा पैसा नाही, असं कंपनीचं. त्यातच आधीच्या खेळाडूंची देणी थकल्यामुळे फिफाने नवे खेळाडू घ्यायला बंदी घातलेली. दिवस जात होते, संघ नव्हता, लीग तोंडावर आली होती. तेव्हा शेकडो चाहते मैदानातल्या क्लबाच्या तंबूपुढे, म्हणजे त्याच्या कचेरीपुढे, जमले. एका गटाचं म्हणणं, सही करा आणि क्लब वाचवा. दुसऱ्याचं म्हणणं, सही करू नका आणि क्लब वाचवा. दोन्ही बाजूंना तीच जर्सी. धक्काबुक्की झाली, पोलिसांनी लाठ्या चालवल्या. लाल-पिवळ्या शर्टातली पोरं डोकं धरून पळतानाची दृश्यं मी फोनवर पाहिली, आणि त्यातला एक मुलगा आमच्याच गल्लीतला होता. दुसऱ्या दिवशी हाताला पट्टी बांधून तो चहाच्या टपरीवर आला. त्याने करार वाचला होता का, असं मी विचारलं. ‘‘दादा, करार कोणालाच वाचायला दिलेला नाही. आम्ही एकमेकांना मारलं ते पेपरात आलेल्या बातम्यांवरून.’’

त्याचं हे बोलणं मला विसरता आलेलं नाही. आमच्याकडे गावाकडे सामाईक जमिनीवरून भाऊबंदकी होते, तेव्हा सातबाऱ्यावर कोणाचं नाव लागतं यावर सगळं अडतं. शहरात गेलेला भाऊ आणि गावातला भाऊ कोर्टात भांडतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती जमीन कसणाऱ्याचं नाव कुठल्याच रकान्यात नसतं. तारखेला तोही जातो, कोर्टाबाहेर झाडाखाली बसतो, आणि आत काय चाललंय ते वकिलाच्या कारकुनाला विचारतो. ईस्ट बंगालचा चाहता त्या जुलैत तसा झाडाखाली बसलेला होता. कारभाऱ्यांकडे तंबू होता, परंपरा होती, सभासदांची यादी होती. कंपनीकडे पैसा होता. शंभर वर्षं हा क्लब ज्यांनी कसला, त्यांना कागद दाखवण्याचीही कोणाला गरज वाटली नाही.

ऑगस्टच्या अखेरीस मुख्यमंत्र्यांनी पुन्हा मध्यस्थी करून एका मोसमापुरतं जमवून दिलं. घाईत उभा केलेला तो संघ वीस सामन्यांत एक जिंकला आणि अकरा संघांत अकरावा आला. पुढच्या वसंतात कंपनी खेळाचे हक्क परत देऊन निघून गेली.

ऑगस्ट २०२२ मध्ये इमामी आली. हे घराणं कोलकात्यातलंच, त्यामुळे लोकांना जरा धीर वाटला. पैसा शहरातच राहतोय, म्हणजे रागावून कुठे फार लांब जाणार नाही, असा जेठूंचा हिशोब. पहिल्या वर्षी भारताचे माजी कोच स्टीफन कॉन्स्टंटाइन, नववा क्रमांक. मग २०२३ मध्ये कार्लेस कुआद्रात आले. बेंगळुरूला आयएसएल जिंकून दिलेले, मृदू बोलणारे, हरल्यावर खेळाडूंना पुढे करून स्वतः मागे न सरणारे. त्यांच्या संघाने १२ ऑगस्टला ड्युरँडमध्ये मोहन बागानला हरवलं. नंदकुमार शेखरचा एकच गोल, पण साडेचार वर्षांत एकही डर्बी न जिंकलेल्या लोकांसाठी तो एक गोल किती मोठा होता हे सांगायला मला त्या रात्रीचं बिजयगड दाखवता यायला हवं. अनोळखी माणसं एकमेकांना मिठाई भरवत होती. रिक्षावाला पैसे घेईना.

आणि मग २८ जानेवारी २०२४. भुवनेश्वरला सुपर कपचा अंतिम सामना, समोर यजमान ओडिशा. आधी आपण मागे, मग बरोबरी, मग पुढे, आणि जिंकलो असं वाटत असताना भरपाई वेळेच्या अगदी शेवटी पेनल्टीवर दोन-दोन. अतिरिक्त वेळेत क्लेटन सिल्वाने तिसरा मारला. बारा वर्षांनंतरचा पहिला राष्ट्रीय चषक. जेठू उठून आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. काकीमा मला हळूच म्हणाल्या, तिथे त्यांच्या वडिलांचा फोटो आहे.

नव्या नेतृत्वाकडून माणसं काय मागतात हे मला त्या सहा महिन्यांत खऱ्या अर्थाने दिसलं. त्या वर्षीही लीगमध्ये संघ नववाच आला. बाराच संघ होते, म्हणजे अभिमान वाटावा असं काही नव्हतं. तरी स्टेडियमवरून परतणाऱ्या बसमध्ये पूर्वीची कडवट शिवीगाळ नव्हती. हरलो त्या सामन्यात काय करायला हवं होतं यावर चर्चा व्हायची. कोच पत्रकार परिषदेत येऊन काय ठरवलं होतं आणि काय फसलं ते सांगायचा, आणि लोक ते उत्तर घरी घेऊन जायचे. घरी नेता येईल असं उत्तर देणारा कोणीतरी आहे, एवढ्यावर हजारो माणसं पराभव पचवू शकतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं चाहत्याला फक्त जिंकणं हवं असतं. तसं असतं तर ईस्ट बंगालचं मैदान २००५ सालीच ओस पडलं असतं.

अर्थात चांगुलपणावर गुण मिळत नाहीत. पुढचा मोसम सुरू झाला आणि पहिले तिन्ही लीग सामने हरले. युवभारतीवर ‘परत जा’च्या घोषणा झाल्या. सप्टेंबरच्या शेवटी कुआद्रात स्वतःहून बाजूला झाले. ज्यांनी आठ महिन्यांपूर्वी त्यांना डोक्यावर घेतलं होतं, त्यांच्याच त्या घोषणा. मला त्याचं वाईट वाटलं आणि आजही वाटतं. संघातल्या दुखापती, चुकीचे घेतलेले खेळाडू, उशिरा झालेली तयारी या सगळ्याचा जाब एकट्या कोचला द्यावा लागला, कारण समोर दिसणारा तोच होता. खेळाडू निवडण्यात आणखी कोणाकोणाचा हात होता, पैसे कोणी अडवले, हे निर्णय ज्या खोलीत होतात तिला खिडकी नाही. भारतीय फुटबॉलमध्ये कोच इतक्या झटपट बदलतात त्यामागे हे मोठं कारण आहे असं मला वाटतं. लोकांच्या रागाला तोंड द्यायला एक चेहरा लागतो, आणि तो भाड्याने आणलेला असला तर बदलणं सोपं जातं.

त्यानंतर ऑस्कर ब्रुझोन आले. हा माणूस आपल्याकडे अनोळखी नाही. स्पोर्टिंग क्लब दि गोवाला त्यांनी काही वर्षं शिकवलं होतं. नंतर ढाक्याच्या बसुंधरा किंग्जला बांगलादेशची लीग ओळीने पाच वेळा जिंकून दिली. बारिसाल, ढाका, मैमनसिंग सोडून आलेल्यांच्या क्लबाला ढाक्याहून कोच मिळाला, ही गोष्ट जेठूंना कोण जाणे किती आवडली. ‘‘देशातून आलाय,’’ असं ते म्हणत. त्यांच्या तोंडी ‘देश’ म्हणजे आजही पद्मेपलीकडचा.

ब्रुझोन आले तरी पराभव थांबले नव्हते. लीगमध्ये ओळीने सहा हरून झाल्यावर ९ नोव्हेंबरला मोहमेडन या कोलकात्याच्या तिसऱ्या मोठ्या क्लबाशी सामना होता. अर्धा तासही झाला नसेल, नंदकुमार आणि नाओरेम महेश दोघांनाही लाल कार्ड मिळालं. नऊ जण उरले. तासाभराहून जास्त वेळ नऊ जणांनी अकरा जणांना अडवून धरलं आणि सामना शून्य-शून्य सुटला. मोसमातला पहिला गुण. त्या रात्रीचा गलका मी ऐकलाय, आणि तो सुपर कपच्या रात्रीपेक्षा कमी नव्हता. क्लेटनच्या गोलपेक्षा मला स्वतःला हा सामना अधिक जवळचा. त्याआधी भूतानमध्ये आशियाई चॅलेंज लीगच्या गटात बसुंधरा किंग्जलाच चार-शून्य हरवून संघ उपांत्यपूर्व फेरीत पोचला होता. लीगमध्ये मात्र पुन्हा नववा. मोहन बागानला आयएसएलमध्ये एकदाही हरवता आलं नाही, तेही त्या वर्षी बदललं नाही.

याच वर्षातल्या एका दिवसाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरवरच्या अत्याचार आणि हत्येने शहर पेटलं होतं. १८ तारखेची ड्युरँड डर्बी सुरक्षेचं कारण देऊन रद्द झाली. स्टँडमध्ये निषेधाचे फलक लागणार होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. सामना नाही म्हटल्यावर ईस्ट बंगाल, मोहन बागान आणि मोहमेडनचे चाहते युवभारतीबाहेर एकत्र जमले. मोहन बागानचा कर्णधार शुभाशीष बोस पत्नीसह आला. एरवी एकमेकांची आई-बहीण काढणाऱ्या पोरांनी एकमेकांना खांद्यावर घेतलं होतं. लाठ्या इथेही चालल्या. तीन वर्षांपूर्वी तंबूपुढे याच शहरात एकाच जर्सीतली पोरं एकमेकांवर धावून गेली होती, आणि आज तीन जर्सी मिळून एकच उत्तर मागत होत्या. चाहत्यांना संघटित होता येत नाही, ते फक्त भावनेने वागतात, असं क्लब चालवणारे लोक सहज बोलून जातात. त्यांनी तो रविवार आठवावा.

पलीकडच्या क्लबाकडूनही शिकण्यासारखं आहे, आणि हे लिहिताना बिजयगडात कोणी रागावलं तरी चालेल. एटीके हे नाव आपल्या क्लबाच्या पुढे नको म्हणून मोहन बागानच्या चाहत्यांनी तीन वर्षं घोषणा दिल्या, फलक लावले, घरचे सामने सोडले. संघ जिंकत असतानाही हे चालू होतं. २०२३ मध्ये गोव्यात आयएसएलचा चषक उचलल्यावर मालकांनी ते नाव काढायचं जाहीर केलं. पैसेवाला मालक आला म्हणजे चाहत्यांनी तोंड बंद ठेवायचं असतं असं नाही, आणि ऐकलं म्हणून मालकाचं काही अडतही नाही. इंग्लंडने तर जुलै २०२५ मध्ये कायदाच केला. क्लब कोण विकत घेतो याची छाननी, चाहत्यांशी सल्लामसलत, यासाठी स्वतंत्र नियामक. जर्मनीत बहुतेक क्लबांमध्ये मतांची बहुसंख्या सभासदांच्या संस्थेकडेच राहावी असा नियम कित्येक वर्षांपासून आहे. आपल्याकडे एवढं सगळं उद्याच होईल असं मी म्हणत नाही. पण करार झाल्यावर त्यातली कलमं सभासदांच्या सभेत वाचून दाखवायला कुठला कायदा लागतो? वर्षातून दोनदा मालकाच्या माणसाने तंबूत येऊन बसायला आणि समोरच्या प्रश्नांना तोंड द्यायला किती कोटी लागतात?

नव्या कारभाऱ्यांना एक गोष्ट जमते हे त्यांनी स्वतःच दाखवून दिलंय. महिलांच्या संघाची सूत्रं त्यांनी अँथनी अँड्र्यूज यांच्याकडे दिली. केरळच्या गोकुलम क्लबाबरोबर महिलांची लीग जिंकलेला हा कोच, त्याला हवे तसे खेळाडू दिले आणि मोसमभर कोणी मध्ये पडलं नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये ईस्ट बंगालच्या मुलींनी देशाची लीग जिंकली. २००४ नंतर क्लबाच्या घरात आलेली ही पहिली राष्ट्रीय लीग, आणि ती मुलींनी आणली. कल्याणीच्या मैदानावर सुरुवातीच्या सामन्यांना मूठभर माणसं असायची. विमानतळावर ढोल नव्हते, मध्यरात्रीची गर्दी नव्हती, नव्या स्ट्रायकरच्या अफवा नव्हत्या. काम देऊन वेळ देणं एवढंच झालं होतं. आमच्या बिजयगडच्या टपरीवर जे लोक पुरुषांच्या संघावर तासन्‌तास बोलत, ते त्या आठवड्यात एकमेकांना विचारत होते की पुरुषांच्या बाबतीत हे का होत नाही. तो प्रश्न रास्त आहे. महिला संघाला जी शांतता मिळाली ती कोणाचं लक्ष नव्हतं म्हणून मिळाली, की ठरवून मिळाली, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.

त्यानंतर जुलैमध्ये आयएसएलच थांबली. महासंघाचा आणि लीग चालवणाऱ्या कंपनीचा करार संपत आलेला, नवा होत नव्हता, म्हणून नवा मोसम स्थगित. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. गुंतवणूकदार विचारात पडले, आणि ईस्ट बंगालच्या लोकांच्या पोटात पुन्हा २०२० सारखा गोळा आला. मी तोवर कोलकाता सोडून महाराष्ट्रात परतलो होतो. ऑगस्टमध्ये ड्युरँडच्या उपांत्यपूर्व फेरीत मोहन बागानला दोन-एक हरवलं त्या रात्री जेठूंचा फोन आला. मला वाटलं आता अर्धा तास दोन्ही गोलांचं वर्णन ऐकावं लागणार. त्यांनी गोलांचं नावही काढलं नाही. गल्लीतला तो पट्टी बांधलेला मुलगा आता क्लबाचा सभासद झालाय, वर्गणी भरून, असं सांगितलं. सर्वसाधारण सभेला तो जाणार आहे. त्याने एका कागदावर दोन प्रश्न लिहून काढलेत, आणि नीट इंग्रजीत मांडून हवेत म्हणून जेठूंनी ते मला फोनवर वाचून दाखवले: मालकांबरोबरचा करार किती वर्षांचा आहे, आणि त्याची प्रत आम्हाला केव्हा वाचायला मिळेल?